चार बोटं पुढे

९ जानेवारी

प्रिय ठकू,

अत्यंत खेदाने कळवतो की माझ्या मोटारीत घुसखोरी झाली आहे. चोरी नव्हे. चोराला निदान काहीतरी हवं असतं. काल कॉलेजमधून चालत घरी आलो, फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीत बसायला गेलो, आणि माझे दोन्ही गुडघे स्टिअरिंगवर जाऊन आपटले. ड्रायव्हरची सीट चार बोटं पुढे सरकवलेली होती. मोजली. आरसाही खाली वळवलेला. त्यात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी मागच्या सीटवरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिसत होता, आणि तो मला रोज समोरून दिसतो तेवढा पुरे आहे. गेल्या दोन वर्षांत या आसनाला माझ्याखेरीज कोणाचा स्पर्श झालेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

संशयित एकच, तुझी वहिनी. विचारलं तर म्हणाली, "बसून पाहिलं जरा." एवढंच. मग बूट घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल, पुलापलीकडे गाय अडलीय." मी सीट मागे घेतली, आरसा वर केला आणि निघालो.

तुला सगळं ठाऊक आहे, पण तक्रार रीतसर मांडायची तर पहिल्यापासून मांडावी लागते. दोन वर्षांपूर्वी पहाटे एका गायीचं बाळंतपण उरकून ही बाई दवाखान्याच्या जीपने एकटी परत येत होती. वळणावर कुत्रं आडवं आलं. कुत्रं वाचलं, जीप खड्ड्यात उलटी झाली, आणि तुझी वहिनी पट्ट्याला लटकून चाळीस मिनिटं डोकं खाली पाय वर अशी होती. गळपट्टीचं हाड जुळलं. पण त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हापासून अस्मादिक तिचे सारथी. दुपारी दोनला माझे तास संपतात, तिथपासून संध्याकाळपर्यंत आम्ही गोठ्यागोठ्याने फिरतो. ती गुरं तपासते, मी गाडीत बसून पेपर तपासतो. मधूनच ती "धर" म्हणते आणि मी पिशवी, दोरी किंवा शेपूट धरतो. इकडचे शेतकरी मला धरासाहेब म्हणतात. तीस वर्षं संस्कृत शिकवून जी पदवी मिळाली नाही ती शेपटाने मिळाली.

आता कार्यालयाचं पत्र आलंय. गोठ्यात संस्कृतचा प्राध्यापक शेपूट धरून उभा असतो हे त्यांच्या नियमात बसत नाही. शिवाय मागच्या महिन्यात सकाळी एक बोलावणं आलं, मी वर्गात होतो, ती जाऊ शकली नाही आणि गाय गेली. तेव्हा फेब्रुवारीअखेर बाईंनी स्वतः गाडी चालवत फिरती सुरू करावी, नाहीतर मोठ्या कार्यालयात टेबलाशी बसून परवान्यांवर सह्या कराव्यात. कागद भरून द्यायचाय. पंचवीस वर्षं ज्या बाईचा हात कोपरापर्यंत गायीत गेलेला आहे तिने टेबलाशी बसायचं, ही कल्पना तिला कशी वाटते ते तिच्या बुटांकडे पाहून कळतं. रोज घासते.

मी दोन वर्षं समजावतोय. एक अक्षर उपयोग नाही. आणि आता ही बाई गेल्या महिन्यापासून दर मंगळवारी आरोग्य केंद्रात एका समुपदेशकाकडे जाते. मी एकदा दाराच्या काचेतून पाहिलं. पस्तिशीचा असेल. हिरवा स्वेटर. तिच्यापुढे बसून नुसतं "हं" म्हणतो. मी त्याला हुंकारशास्त्री असं नाव ठेवलं आहे. याच्या तीन हुंकारांनंतर सीट चार बोटं पुढे. माझ्या दोन वर्षांच्या वक्तृत्वाने ती एक बोटही हलली नव्हती.

तू याच धंद्यातली. न्याय कर.

तुझा,
दादा


१५ जानेवारी

दादास नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसण्यासाठी, एकदा नीट.

म्हणजे सीट सरकली याचा तुला राग आला. पण ती सरकवताना तुला कोणी बोलावलं नाही, याचा त्याहून जास्त आला. दोन वर्षं तू जीव तोडून सांगत होतास, आणि आता तिचं मन वळतंय तर ते दुसऱ्याच कोणाच्या खोलीत. मी चुकत असेन तर सांग.

एक कबुली आधीच देते. तुझे हुंकारशास्त्री माझ्याच वर्गात शिकले. वहिनीने मला पत्र लिहून कोणाचं तरी नाव विचारलं होतं, तेव्हा मी त्याचं दिलं. तेव्हा तो हुंकार मूळ माझा आहे, भांडायचं तर माझ्याशी भांड. त्या खोलीत दोघं काय बोलतात ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

माझ्याकडे रोज येणारी माणसं वेगळी असतात. कोणाला दारू सोडायची असते, कोणाला सिगारेट, कोणाला नवरा. पण एक गोष्ट सारखी. सोडायचंय असं म्हणणारा आणि सोडायचं नाहीये असं म्हणणारा, दोघंही एकाच खुर्चीत बसलेले असतात. खुर्ची एक असल्यामुळे बाहेरच्याला वाटतं की माणूस हट्टी आहे. तो हट्टी नसतो. त्याचं आतल्या आत भांडण चाललेलं असतं.

यापुढचं तुला हवं असेल तर लिहीन, नको असेल तर आपण हवापाण्याबद्दल लिहू. तोवर एकच विचारते. वहिनी पुन्हा गाडी चालवू लागली, तर तुला काय काय बरं वाटेल? सुचेल तसं लिही.

तुझी,
ठकू


२३ जानेवारी

प्रिय ठकू,

तू माझंच पत्र धुऊन, इस्त्री करून मला परत पाठवलंस. घडी छान आहे. पण कपडे माझेच आहेत हे मी ओळखलं. तुमच्या धंद्यात यालाच विद्या म्हणत असतील तर आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात आवाज दिला की भिंतसुद्धा ही विद्या जाणते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देईन. सध्या इथे घडामोडी आहेत.

तुला माझ्या यादीबद्दल सांगितलं नव्हतं. अपघातानंतर सहा महिन्यांनी मी एक यादी केली, तुझ्या वहिनीने गाडी का चालवावी याची सतरा कारणं. सुरक्षितता, स्वावलंबन, व्यवसायनिष्ठा, मज्जातंतूंना मिळणारा व्यायाम, असं सगळं सप्रमाण. फ्रीजवर लावली. लसवाल्या कंपनीने दिलेलं गायीच्या आकाराचं लोहचुंबक आहे, त्याखाली. दर रविवारी मी एकेक कारण घेऊन त्याचं विवरण करत असे. ती भाजी चिरत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "अरे पण ब्रेक नाही लागला तर?" मी अठरावं कारण शोधायला लागायचो.

आता हुंकारशास्त्र्यांचं ऐक. गेल्या मंगळवारी त्याने तिला विचारलं, गाडी चालवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात सांगा. ती म्हणाली, पाच. आता पाच म्हणजे काय? आमच्याकडे पाच मिळाले तर विद्यार्थ्याला बोलावून घेतो आणि उरलेले पाच कुठे गेले ते विचारतो. या गृहस्थाने विचारलं, "पाच का? एक का नाही?"

हे तिने मला ओट्याशी उभी राहून सांगितलं. हसत सांगितलं. आणि तिने त्याला दिलेलं उत्तरही सांगितलं. म्हणाली, "मला वाटायचं मला गाडीची भीती वाटते म्हणून मी बसत नाही. पण त्याने एक का नाही विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं की मला सकाळी एकटीने जायला फार आवडायचं. रस्ता रिकामा असायचा. शेजारी कोणी नाही, बोलायचं नाही, कोणाचं ऐकायचं नाही. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता. मला तो फार आठवतो रे."

मी म्हटलं, छान. चहा घेतला. कपही विसळला.

ठकू, दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसतोय. उन्हातान्हात, शेणात, बावीस किलोमीटरच्या खडखडाटात. मला वाटत होतं की आमचं हे चांगलं चाललंय. मी तिला जाताना एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सांगतो, ती येताना गायीच्या चार पोटांबद्दल सांगते. आणि या सगळ्या काळात तिला जे आठवत होतं ते हे, की शेजारी कोणी नसणं. आणि ते मला नाही, हिरव्या स्वेटरला सांगितलं. मला ते नंतर कळलं, बातमीसारखं.

काल आकडा सहावर गेला. गाडी फाटकापासून कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत नेऊन परत आणली. मी खिडकीतून पाहिलं. चांगली नेली.

षड्रिपूंपैकी पाच जणांनी मला वयोपरत्वे सोडलं आहे. सहावा, मत्सर, अजून घरीच आहे आणि बरा जेवतो. तेव्हा या शास्त्र्याचं शास्त्र काय आहे ते मला सविस्तर लिही. माणसाला निदान कळावं की आपण कशाने हरलो.

दादा


३० जानेवारी

दादास,

तू परवानगी दिलीस म्हणून लिहिते.

तुझ्याच भाषेत सांगते. शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष असतो, मग उत्तरपक्ष. तू दोन वर्षं उत्तरपक्ष एकट्याने बळकावून बसलास. गाडी चालवण्याच्या बाजूची सतराच्या सतरा कारणं तुझ्या तोंडात. मग वहिनीला बोलायला काय उरलं? पूर्वपक्ष. ब्रेक नाही लागला तर, कुत्रं आलं तर. तिच्या मनात दोन्ही बाजू होत्या, पण दर रविवारी तिला एकच बाजू बोलावी लागली. आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो त्यावर त्याचा विश्वास बसत जातो. दुसऱ्याच्या तोंडच्या सतरा कारणांपेक्षा स्वतःच्या तोंडचं एक जड असतं. तुझी यादी वाईट नव्हती रे. ती फक्त चुकीच्या माणसाने लिहिली होती.

म्हणून आमचं काम इतकंच, की बदलाच्या बाजूचं बोलणं त्याच्याकडून निघावं असं विचारायचं आणि मग मध्ये यायचं नाही. तो जे म्हणाला ते आपल्या शब्दांत परत म्हणायचं, म्हणजे त्याला ते बाहेरून ऐकू येतं. तुझी इस्त्री ती हीच. ऐकताना मनात उत्तर तयार करत बसायचं नाही. मनात उत्तर शिजायला लागलं की चेहऱ्यावर वाफ दिसते.

आता आकड्यांचं. पाच म्हटल्यावर "एक का नाही" असं खालच्या आकड्याचं विचारायचं. कारण त्याचं उत्तर देताना माणूस आपल्याला ते का हवंय हे सांगायला लागतो. वरच्या आकड्याचं कधी विचारायचं नाही. "पाचच का, नऊ का नाही" असं विचारलंस की तो आपल्याला का जमणार नाही त्याची कारणं देतो, आणि जितक्या शांतपणे तू ऐकशील तितकी खोलातली देतो. प्रश्न दिसायला जुळे आहेत, पण एक दार उघडतो आणि एक बंद करतो. माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात निम्मे जण चुकून दुसरा विचारतात आणि समोरचा माणूस डोळ्यांदेखत मावळतो.

तुला घरी वापरायचं असेल तर जपून वापर. खरं तर वापरूच नकोस, हुंकारशास्त्र्यांवर सोड. तू फक्त रविवारचं प्रवचन बंद कर.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस. माझ्या लक्षात आहे.

ठकू


६ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तुझं पत्र पोचलं. विवेचन सुबोध आहे. पूर्वपक्षाचा दृष्टांत विशेष आवडला, पुढे वर्गात वापरीन, तुझं नाव सांगणार नाही.

इकडे सर्व ठीक. हवा कोरडी आहे. तुझ्या वहिनीला जरा थकवा वाटतोय, त्यामुळे या मंगळवारी केंद्रात गेली नाही. पुढच्याही जाईलसं दिसत नाही. आकडा तीनवर आलाय. अशा गोष्टी वरखाली व्हायच्याच. आपण कोण जबरदस्ती करणार? मी प्रवचन बंद केलंय, तू सांगितल्याप्रमाणे. यादीही काढली.

काल तीन गोठे केले. एका ठिकाणी मी वासराला बाटलीने दूध पाजलं. तुझी वहिनी म्हणाली की मला आता ते जमायला लागलंय. येताना तिला डोळा लागला, मी गाडी अगदी हळू आणली.

फाटकाचा कडीकोयंडा बदलायला झालाय. बाकी विशेष नाही.

दादा


७ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तुला पत्र लिहायचं कारण म्हणजे आभार. तू तुझ्या दादाला काहीतरी शिकवलंस असं वाटतंय.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी बूट घासत होते. हा समोर स्टूल घेऊन बसला आणि म्हणाला, "सध्या आकडा किती?" मी म्हटलं, सहा. मला वाटलं आता यादीतलं काहीतरी येणार. तर हा शांतपणे म्हणाला, "सहाच का? नऊ का नाही?" आणि गप्प बसला. खरंच गप्प बसला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी बोलत होते आणि हा उत्तर जुळवत नव्हता.

मग मी बोलतच गेले. ते चाळीस मिनिटांचं सगळं. हॉर्न अडकला होता आणि थांबत नव्हता. बाटली फुटून औषध केसांत गेलं होतं. माझे स्वतःचे हात मला दिसत होते पण ते माझे वाटत नव्हते. हे मी त्या केंद्रातसुद्धा इतकं सांगितलं नव्हतं. पाऊण तास झाला असेल. त्याने मध्ये एक शब्द काढला नाही, शेवटी नुसता बुटाचा ब्रश माझ्या हातातून घेतला आणि राहिलेला बूट घासून दिला.

मी उठले तेव्हा मला अगदी स्वच्छ दिसत होतं की हे माझ्याच्याने होणार नाही. वाईट वाटलं, पण निदान स्पष्ट झालं. टेबलाच्या कामाचा कागद मी भरायला घेतलाय. अठ्ठावीसपर्यंत द्यायचाय. त्या मुलाला काय सांगू ते कळत नाही, त्याने कष्ट घेतले होते. पण घरच्या माणसाने असं ऐकून घेणं निराळंच असतं.

बाळंतपणाच्या गायी आता कोण बघणार ते माहीत नाही. होईल सवय.

तुझी,
वहिनी


१२ फेब्रुवारी

दादा,

आज थट्टा नाही.

वहिनीचं पत्र आलं. तिने मला धन्यवाद दिलेत. तू तिला किती छान ऐकून घेतलंस त्याबद्दल.

मी तुला कोणता प्रश्न विचारायचा नाही ते लिहिलं होतं. का विचारायचा नाही तेही लिहिलं होतं. तू तिला नेमका तोच विचारलास आणि नंतर मला पत्रात कडीकोयंड्याबद्दल लिहिलंस. चुकून झालं असेल. माझ्या वर्गात होतं. तसं असेल तर तसं सांग, मी विश्वास ठेवीन.

वहिनीला मी काहीही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. ते माझं नाही.

एरवी सल्ला देण्याआधी मी परवानगी मागते. आज मागत नाही. तिला सांग. अठ्ठावीसच्या आधी.

ठकू


२१ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

चुकून नाही.

तुझं पत्र खिशात होतं. बूट घासत होती तिथे जायच्या आधी मी ते व्हरांड्यात उभा राहून पुन्हा वाचलं, दोन्ही प्रश्न जुळे आहेत असं जिथे लिहिलंस तिथपर्यंत. मग आत जाऊन दुसरा विचारला. आणि तू म्हटलंस तसं मनात उत्तर शिजवलं नाही. शिजवायचं कारणच नव्हतं, ती माझ्याच बाजूने बोलत होती. ऐकणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. ती रडली तेव्हा मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की हे तिने हिरव्या स्वेटरला सांगितलेलं नाही. हे मला सांगितलं. त्या दिवशी मी समाधानाने जेवलो, हेही लिहितो.

तुझं पत्र आल्यावर मी तीन दिवस काढले. रविवारी सकाळी ती सिरिंजा उकळत होती, तेव्हा सांगितलं. सगळं. तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं, त्या ओळींखाली बोट ठेवून दाखवलं. ती वाचून म्हणाली, "हं."

तो हुंकार मला कळला.

मग गॅस बंद करून म्हणाली, "मी तो कागद भरत होते तेव्हा पेन तूच आणून दिलंस."

पुढचे दोन दिवस आम्ही रोजच्यासारखे गोठे केले. पण तिने "धर" म्हटलं नाही. पिशवी स्वतः उचलली, दोरी खुंटीला बांधली, शेपूट त्या घरच्या सुनेकडे दिलं. शेतकऱ्याने विचारलं, धरासाहेबांची तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, बरी आहे. मी गाडीत बसून एकाच उत्तरपत्रिकेला तीनदा गुण दिले, तिन्ही वेळा निराळे.

बुधवारी पुलापलीकडच्या गोठ्याबाहेर गाडी उभी केली. ती उतरली नाही. समोर बघत म्हणाली, "मी गाडी चालवावी असं तुला किती वाटतं? शून्य ते दहा. खरं सांग."

मी दहा म्हणायला तोंड उघडलं. मग म्हटलं, "चार."

मला वाटलं आता दार उघडून जाईल. ती म्हणाली, "चार का? दोन का नाही?"

आणि थांबली. ठकू, तुम्ही लोक ते थांबणं कुठून आणता? मी दोन वर्षं विवरण करत होतो, पण या प्रश्नाला मला काही सप्रमाण सुचेना. जे आलं ते बोललो. म्हटलं, कारण दर वळणाला तुझा उजवा पाय ब्रेक दाबतो. तुझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबतो. दोन वर्षं पाहतोय. पायपुसणं तिथे झिजलंय, मी ते एकदा बदललं आणि तुला सांगितलं नाही. कारण ती गाय गेली त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा तू बूट घालून दारात बसलेली होतीस, निघायला तयार, तीन तास. कारण जीप असताना तू फाटकाशी येऊन थांबलीस तरी लगेच उतरायची नाहीस, इंजिन बंद करून आत बसून गुणगुणायचीस, आणि मी खिडकीत पुस्तक धरून ते ऐकायचो. माझ्या गाडीत तू एकदाही गुणगुणली नाहीस.

तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. मग म्हणाली, "एवढं सगळं पाहिलंस, आणि त्या सतरा कारणांत यातलं एकही नव्हतं."

एवढं बोलून उतरली. चार पावलं गेली, परत आली, आणि खिडकीतून पिशवी आत दिली. म्हणाली, "धर. मी बूट बदलते."

क्षमा केली असं तिने म्हटलेलं नाही. मी विचारलंही नाही. काल ती केंद्रात जाऊन आली, मंगळवार नसताना. काय झालं ते सांगितलं नाही, आणि मी दाराच्या काचेतून पाहिलं नाही. भरलेला कागद फ्रीजवर आहे, यादी होती तिथे, चुंबकाच्या गायीखाली. फाडलेला नाही, दिलेलाही नाही. अठ्ठावीसला सात दिवस आहेत. आकडा ती बोलत नाही.

आज कॉलेजला सुट्टी. सकाळी साडेआठला म्हणाली, पुलापलीकडच्या त्या वासराला बघून येते. चावी मागितली. मी बाहेर गेलो आणि सीट पुढे घेतली, चार बोटं. आरसा खाली केला. मग फाटक उघडून बाजूला उभा राहिलो. तिने पट्टा लावताना हात थांबवला, तेव्हा माझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते मी गिळलं. कोपऱ्यावरच्या वळणाला ब्रेक लागला, खरा. दिवा दिसला.

अकरापर्यंत येते म्हणाली होती. आता साडेअकरा झालेत, म्हणून तुला लिहायला बसलो. वासरू मोठं आहे, वेळ लागत असेल.

तू जानेवारीत विचारलं होतंस की ती गाडी चालवू लागली तर मला काय काय बरं वाटेल. ते बुधवारी तिला सांगितलं, तेच तुझं उत्तर समज. जे तिला सांगितलं नाही ते तुला सांगतो. अपघाताची भीती मला आहे, ती राहीलच. पण इथे खिडकीत बसून मी त्याची काळजी करत नाहीये. दोन वर्षं तिने मला शेजारी बसवलं कारण तिला दुसरा इलाज नव्हता. आता आहे. इलाज असताना ती मला कधी बरोबर नेईल का, हे मला माहीत नाही.

दादा